आप्त कोणाला म्हणावे?

ज्ञान मिळवण्याच्या साधनाला भारतीय दर्शनांत प्रमाण म्हणतात, आणि अशी साधने किती व कोणती याविषयीच्या वादांत शब्दप्रमाणाइतके, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणाऱ्या ज्ञानाइतके, वादग्रस्त दुसरे क्वचितच काही ठरले असेल. चार्वाकांनी प्रत्यक्षापलीकडे काही मानलेच नाही. बौद्धांनी आणि वैशेषिकांनी शब्दाला वेगळे आसन न देता त्याला अनुमानाच्याच पंक्तीत बसवले. नैयायिक, मीमांसक आणि वेदान्ती यांनी मात्र ते स्वतंत्र प्रमाण आहे असा आग्रह धरला. हा सारा खटाटोप वेदांच्या प्रामाण्यासाठी होता, त्याचा आपल्या व्यवहाराशी काय संबंध, असे म्हणून आधुनिक वाचक तो बाजूला ठेवतो, परंतु यंत्रांच्या बाबतीत हा वाचक जितका ऐकीव ज्ञानावर जगतो तितके त्याचे पूर्वज बहुधा कधीच जगले नसतील.

इंदुरीसारख्या गावाचा विचार केला तर हे लगेच ध्यानात येते. तळेगाव–चाकण रस्त्यावरचे, इंद्रायणीकाठचे आणि सरसेनापती दाभाड्यांच्या गढीमुळे ओळखले जाणारे हे गाव. जमीन कोणत्या पिकाला मानवते, बैल कुठे अडतो, नदीचे पाणी कोणत्या खुणेपर्यंत चढले म्हणजे पलीकडे जाऊ नये, हे येथील शेतकरी डोळ्यांनी आणि हातांनी शिकत आला. त्याच घरात आज जो मोबाइल आहे त्याच्या पोटात काय चालते हे घरातील कोणालाही प्रत्यक्षाने ठाऊक नाही. फोन रात्रभर चार्जिंगला ठेवू नये, अमुक ॲप पैसे खाते, विमानात फोन चालू राहिला तर विमान पडते, पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही: ही सगळी मते शब्दाने आलेली आहेत, त्यांतील काही खरी, काही अर्धवट आणि काही साफ खोटी आहेत, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला ती सारखीच ऐकू येतात.

न्यायसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात गौतमाने आप्ताच्या उपदेशाला शब्दप्रमाण म्हटले असून, आप्त म्हणजे कोण हे भाष्यकार वात्स्यायनाने उलगडून सांगितले आहे. ज्याने ती वस्तू स्वतः साक्षात जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगावी या इच्छेने जो बोलण्यास प्रवृत्त झाला आहे, तो आप्त. व्याख्येत कुळ नाही, वय नाही, पदवी नाही. उलट हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते असे वात्स्यायन स्पष्ट सांगतो, आणि त्याचा काळ लक्षात घेता हे विधान धाडसाचे मानावे लागते. या व्याख्येने पाहिले तर फोनच्या पडद्याविषयी मोबाइल दुरुस्त करणारा विशीतला मुलगा आप्त आहे आणि संस्थेचे अध्यक्षपद भूषवणारे काका आप्त नाहीत. अडचण एवढीच की तोच मुलगा गिऱ्हाइकाशी बोलता बोलता शेअर बाजार, लस आणि विमानप्रवास यांवरही मत देतो, आणि पडदा नीट बसवल्यामुळे मिळालेला विश्वास त्या मतांनाही चिकटतो.

ही अडचण नैयायिकांना अपरिचित नव्हती, कारण ती त्यांनी स्वतःच ओढवून घेतली होती. गौतमाने शब्दाचे दोन प्रकार केले: ज्याचा विषय या जगात पडताळता येतो तो दृष्टार्थ, आणि ज्याचा विषय येथे पडताळता येत नाही, जसे स्वर्ग, तो अदृष्टार्थ. पुढे दुसऱ्या अध्यायात वेदाचे प्रामाण्य सिद्ध करताना त्याने मंत्र आणि आयुर्वेद यांचा दाखला दिला. औषधाचा गुण येतो हे लोकांना दिसते, त्यावरून ते सांगणारे आप्त ठरतात, आणि त्यांचे अदृष्टाविषयीचे सांगणेही मग ग्राह्य ठरते, अशी ही मांडणी आहे. एका सुताने बांधलेली म्हणून ती मोहक आहे, परंतु तिच्यातील उडी मोठी आहे. एका विषयातील खरेपणा दुसऱ्या विषयात वाहून नेण्याचा परवाना एकदा दिला की त्याला सीमा कोण घालणार? आजच्या बहुतेक फसवणुका याच परवान्यावर चालतात, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाच्या प्रकारात फोनवरचा माणूस आधी नाव, पत्ता, आधार क्रमांक अगदी बिनचूक सांगतो, ऐकणारा मनोमन कबूल करतो की याला सगळे ठाऊक आहे, आणि मग पार्सलात अमली पदार्थ सापडल्याचे, व्हिडिओ कॉलवरच अटक झाल्याचे अदृष्ट विधानही तो गिळतो. वास्तविक भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही.

उलट दिशेची, म्हणजे खऱ्या आप्ताचे न ऐकण्याची, अडचण मात्र न्यायग्रंथांत फारशी चर्चिलेली नाही, आणि तिचे उदाहरण इंदुरीच्या हद्दीलगतच घडले. 15 जून 2025 रोजी, रविवारी, कुंडमळा येथील इंद्रायणीवरचा लोखंडी पादचारी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. पूल जुना होता आणि तो धोकादायक असल्याची सूचना देणारा फलक तेथे होता. म्हणजे सांगणारा होता, त्याला विषयाची माहिती होती, त्याने सांगितलेही होते. तरी ते शब्द प्रमाण म्हणून लोकांच्या मनात उतरले नाहीत. पर्यटकांची बेपर्वाई असे म्हणून हा विषय संपवणे सोपे आहे, पण त्यात ज्ञानमीमांसेचा, म्हणजे माणसाला कळते कसे या विचाराचा, एक गंभीर मुद्दा हातचा जातो.

पुलाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसापुढे त्या क्षणी दोन प्रमाणे होती. फलक सांगत होता की येथे धोका आहे. डोळे सांगत होते की इतके लोक उभे आहेत आणि पूल टिकून आहे. प्रत्यक्षाने शब्दाला हरवले, असे वरवर वाटते, परंतु पूल टिकून आहे हे प्रत्यक्ष असले तरी पूल टिकेल हे अनुमान आहे, आणि ते सदोष आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी अशा अव्यभिचारी, म्हणजे कधीही न चुकणाऱ्या, साहचर्याला व्याप्ती म्हणतात. त्या साहचर्यामागे एखादी छुपी अट दडलेली असेल तर तिला उपाधी म्हणतात. ओले सरपण ही उपाधी आहे, म्हणून अग्नीवरून धुराचे अनुमान करता येत नाही. ‘काल टिकला म्हणून आज टिकेल’ या अनुमानातील उपाधी म्हणजे पुलावरचा भार, आणि गर्दी वाढते तसतशी नेमकी हीच अट बदलत जाते. गंमत अशी, आणि ती क्रूर आहे, की ज्या गर्दीवरून सुरक्षिततेचे अनुमान होते तीच गर्दी धोक्याचे कारण असते.

फलकाच्या बाजूनेही एक उणीव राहते. वाक्याचा अर्थ कळण्यासाठी परस्परांची अपेक्षा ठेवणारी पदे, त्यांची योग्यता आणि सान्निध्य हे तर लागतेच, शिवाय वक्त्याचे तात्पर्य, म्हणजे त्याला खरोखर काय अभिप्रेत आहे, हेही लागते, असे उत्तरकालीन नैयायिक मानतात. एखादी संस्था ‘धोका’ असे लिहिते आणि वाट मात्र मोकळी ठेवते तेव्हा तिची उक्ती एक सांगते आणि कृती दुसरे. ऐकणारा मग तात्पर्य असे लावतो की हे आपल्याला थांबवण्यासाठी नसून उद्या त्यांच्यावर ठपका येऊ नये म्हणून लिहिले आहे. या राज्यातील घाटरस्ते, धबधबे आणि धरणांच्या भिंती अशा फलकांनी भरलेल्या आहेत, आणि त्यांतून जनतेला जे शिक्षण मिळाले आहे ते फलक न वाचण्याचे आहे.

कुंडमळ्याचा पूल कोसळण्याच्या तीनच दिवस आधी, 12 जूनला, अहमदाबादहून लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे बोइंग 787 विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमानातील 242 जणांपैकी एकच प्रवासी वाचला आणि तो 11ए या आसनावर बसलेला होता. त्यानंतर ते आसन मिळावे म्हणून प्रवासी जादा पैसे मोजू लागल्याच्या बातम्या झळकल्या. एका उदाहरणावरून व्याप्ती बांधण्याचा हा इतका शुद्ध नमुना आहे की तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तो तसाच घालावा. विमानागणिक आसनांची रचना बदलते, 11ए कुठे आपत्कालीन दाराजवळ येते तर कुठे येत नाही, आणि अपघाताची जातही प्रत्येक वेळी वेगळी असते, हे सांगूनही काही उपयोग होत नाही, कारण हे मत ज्ञानासाठी धरलेले नसून भीतीवर उतारा म्हणून धरलेले असते. त्याच्या शेजारी विमानप्रवासातील दुसरी एक सूचना ठेवून पाहावी: पॉवर बँक सामानाच्या बॅगेत न टाकता जवळच्या बॅगेत ठेवावी. लिथियमची बॅटरी क्वचित पेट घेते. ती प्रवाशांच्या कक्षात पेटली तर कर्मचाऱ्यांना दिसते आणि विझवता येते, खालच्या मालकक्षात तिच्याजवळ कोणाला जाता येत नाही. या सूचनेबरोबर हेतू, म्हणजे अनुमानाला आधार देणारे कारण, आलेला असल्यामुळे ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याच्या अधिकारावर विसंबून राहावे लागत नाही. व्यवहारातील सल्ला पारखण्याची याहून सोपी खूण सापडणे कठीण आहे.

हेतू न विचारता शब्द पुढे ढकलला गेला म्हणजे काय होते, हे धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याने 1 जुलै 2018 रोजी दाखवले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या, मोबाइलवर फिरत असलेल्या अफवेवरून जमावाने तेथे पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, भिक्षा मागून फिरणारे लोक होते. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मीमांसकांनी अशा साखळीला फार पूर्वी नाव देऊन ठेवले आहे: अंधपरंपरा. जन्मांधाने रंगाविषयी काही सांगितले, ते दुसऱ्या जन्मांधाने तिसऱ्याला सांगितले, तर सांगणाऱ्यांची संख्या कितीही वाढली तरी रंग पाहिलेला माणूस त्या साखळीत एकही नसतो. तथापि मीमांसकांचाच दुसरा सिद्धान्त येथे उलट बाजूने काम करतो. ज्ञान स्वतःप्रमाण असते, म्हणजे बाधक काही पुढे येईपर्यंत किंवा मूळ कारणात दोष आढळेपर्यंत ते खरेच मानायचे असते, असे कुमारिल भट्टांनी प्रतिपादले. या सिद्धान्तावाचून जगणे अशक्य आहे, कारण प्रत्येक वाक्याचा पुरावा मागणारा माणूस सकाळचा चहाही घेऊ शकणार नाही. परंतु दोष शोधण्याची सवड जिथे उरत नाही, तिथे ‘बाधक नाही म्हणून खरे’ हा न्याय किती घातक ठरतो याची कल्पना कुमारिलांना येण्याचे कारण नव्हते.

अदृष्टार्थाचा प्रश्नही येथे घ्यावा लागतो, आणि त्यासाठी इंदुरीहून दूर जाण्याची गरज नाही. गावाजवळच भंडारा डोंगर आहे, जिथे तुकाराम महाराज एकान्तात चिंतनासाठी बसत. थोड्याच अंतरावर सुदुंबरे हे त्यांच्या अभंगांचे लेखक संताजी जगनाडे यांचे स्थान आहे. आणि देहूहून फाल्गुन वद्य द्वितीयेला महाराज विमानातून सदेह वैकुंठाला गेले असे वारकरी परंपरा मानते. त्या विमानाची लांबी-रुंदी कोणी वारकरी सांगत नाही आणि कोणी विचारीतही नाही. ते विधान यंत्राविषयीचे नाहीच. ते एका आयुष्याच्या सांगतेविषयीचे आहे, आणि त्याला वैमानिकाची कसोटी लावणे हा त्या विधानाचा प्रकार न ओळखल्याचा परिणाम आहे. मात्र ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची गोष्ट निराळी. हा ग्रंथ भरद्वाज ऋषींचा म्हणून पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात सांगून लिहवला. त्यात विमानांचे आकार, धातू आणि आकृत्या आहेत. म्हणजे त्याने स्वतःहूनच दृष्टार्थाच्या अंगणात पाऊल टाकले, आणि तिथे त्याची परीक्षा होणे क्रमप्राप्त होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 साली ती केली, आणि ही विमाने उडू शकणार नाहीत व ग्रंथही प्राचीन नाही असा निष्कर्ष काढला. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याचा दावा महाराष्ट्रात अभिमानाने सांगितला जातो, आणि 2015 च्या जानेवारीत मुंबईतील भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंधही वाचला गेला. श्रद्धेला मिळणारी सवलत आणि शास्त्राला मिळणारी प्रतिष्ठा या दोन्ही एकाच वेळी मागणारे हे दावे श्रद्धेचेही नुकसान करतात, कारण यंत्राच्या पातळीवर उतरवलेले वैकुंठ यंत्राप्रमाणेच नापास होऊ शकते.

वक्त्याचा अधिकार हाच निकष मानला तर काय होते याचा सर्वांत भीषण धडा विमानवाहतुकीनेच घेतला. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन बोइंग 747 विमानांची धावपट्टीवरच टक्कर होऊन 583 माणसे मेली. केएलएमच्या विमानाचे कप्तान कंपनीत वैमानिकांना शिकवणारे ज्येष्ठ अधिकारी होते. समोरचे विमान धावपट्टीवरून गेले नसावे अशी शंका त्यांच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली, ती त्यांनी ठामपणे मोडून काढली, आणि ती शंका खरी होती. वात्स्यायनाच्या व्याख्येने पाहिले तर कप्तान उड्डाणकलेत आप्त होते, समोरच्या धावपट्टीविषयी नव्हते. धुक्यात ती त्यांनाही दिसत नव्हती. पुढे विमान कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात कनिष्ठाने शंका बोलून दाखवणे आणि वरिष्ठाने ती ऐकणे हे कौशल्य म्हणून शिकवले जाऊ लागले, आणि नियंत्रकाच्या आदेशांचा ठरलेला भाग वैमानिकाने उलट म्हणून दाखवणे व नियंत्रकाने तो लक्षपूर्वक ऐकून चूक असल्यास सुधारणे, या जुन्याच शिस्तीवर अधिक भर आला. नैयायिकांनी सारे गुण वक्त्यात शोधले होते. या शिस्तीत ऐकणाऱ्यावरही तितकेच काम आहे.

घरातील फोनला ही शिस्त लावता येते, फक्त तेथे म्हणून दाखवण्याऐवजी उलट फोन करायचा असतो. पोलिस, बँक किंवा कुरिअरच्या नावाने आलेला कॉल, बोलणारा कितीही बिनचूक माहिती देत असला तरी, कापावा आणि त्या संस्थेला स्वतः फोन लावावा. त्यासाठीचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये, कारण खोटे ग्राहकसेवा क्रमांक तिथे पेरलेले असतात, तो बँकेच्या पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा. पैसे गेलेच असतील तर 1930 या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तत्काळ कळवावे. उशीर होईल तितके पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत जातात आणि ते गोठवणे अवघड होते.