दहावा जोड

रत्नागिरीच्या कातळावर उन्हाळ्यात पाय भाजतो, पावसाळ्यात घसरतो आणि पाऊस ओसरला की पाऊल जपून टाकावं लागतं. दगडांच्या सापटीत फुरसं बसलेलं असतं. जेमतेम हातभर लांब आणि कातळाच्याच रंगाचं. अंगाचे वेढे एकमेकांवर घासून ते करकर आवाज करतं, पण गवत कापणाऱ्याच्या कोयत्यापुढे तो आवाज ऐकू येत नाही. इंग्रजांच्या काळात या जिल्ह्यात फुरसं मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे, तरी ती काही संपली नाहीत. हापूसची कलमं आणि फुरशी एकाच कातळावर नांदतात, आणि त्या कलमांखाली राबणाऱ्यांच्या पायांत बहुतेक वेळा साधी स्लीपर असते.

राम आळीच्या तोंडाशी आबांचं चर्मकामाचं लहानसं दुकान होतं. भिंतीवर संत रोहिदासांची तसबीर, खाली लाकडी फर्म्यांची रांग, गोणपाटावर रापी, आरी, ऐरण, मेणाचा गोळा आणि पाण्याची कुंडी. आबांचे वडीलही याच धंद्यातले. १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर सर्व जातींसाठी उघडलं, तेव्हा वडील सोळा वर्षांचे होते. ज्या हातांनी गावाची पायताणं शिवली, त्याच हातांनी त्यांनी तिथे देवाला फूल वाहिलं. पुढे मुलाला काम शिकवताना ते सांगत, "पायाशी बसतो म्हणून आपण खालचे होत नाही. पण पायाशी बसून पाय पाहिला नाही, तर मात्र आपलं काम खालचं."

आबांनी ते ऐकलं होतं आणि आयुष्यभर पाळलं होतं. आता त्यांच्या हाताखाली नातू शिकत होता. पोराच्या हातात कसब होतं. रापी अशी चालवायचा की कातड्याची कड एका रेषेत उतरायची. पण त्याला घाई फार.

गणपती गेले आणि एका दुपारी गोळपकडचे एक बागायतदार दुकानात आले.

"आबा, कामाचे बूट हवेत. घोट्याच्या वर येणारे, जाड कातड्याचे. दहा जोड. दसऱ्यानंतर बागेत बेणणी काढायची आहे. गेल्या वर्षी एका गड्याला गवत कापताना फुरसं चावलं. सिव्हिलमध्ये वेळेवर लस मिळाली म्हणून वाचला. यंदा तसं व्हायला नको."

"चांगला विचार केलात, भाऊ," आबा म्हणाले.

भाऊंनी खिशातून चिठ्ठी काढली. सहा नंबरचे दोन, सात नंबरचे तीन, आठ नंबरचे चार, नऊ नंबरचा एक.

आबांनी चिठ्ठी वाचली आणि परत दिली. "हे आकडे झाले. माणसं कुठेत?"

"माणसं कामावर आहेत. दहा जणांना उठवून इथे आणायचं म्हणजे अख्खा दिवस गेला."

"दिवस कशाला? संध्याकाळी काम सुटल्यावर आणा. माप संध्याकाळीच घ्यावं. दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगतो. सकाळच्या मापाचा बूट संध्याकाळी चावतो."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर बाजारात तयार बूट मिळतात, भाऊ. तेही घेता येतील. पण माझ्याकडून करून घ्यायचे असतील, तर पाय मला दिसायला हवा."

भाऊ थोडे नाराज झाले, पण दोन दिवसांनी संध्याकाळी पिकअपमधून नऊ जणांना घेऊन आले. दहावा बागेचा राखणदार, मूळचा नेपाळचा. बाग सोडून त्याला येता येणार नव्हतं. "त्याचा आठ नंबर आहे. गेल्या वर्षी मीच त्याला गमबूट आणून दिले होते," भाऊ म्हणाले.

आबांनी जमिनीवर कागद पसरला. एकेकाला त्यावर उभं करायचं, दोन्ही पायांवर सारखा भार टाकायला सांगायचं, मग पेन्सिल अगदी उभी धरून पायाभोवती रेघ फिरवायची. पेन्सिल कलली तर माप चुकतं. मग फीत घेऊन बोटांच्या सांध्यावरचा घेर, पायाच्या उंचवट्याचा घेर, टाचेवरून वळसा आणि शेवटी घोटा. एक पाय झाला की दुसराही तसाच, कारण माणसाचे दोन पाय सहसा सारखे नसतात. मग आबा अंगठ्याने पाय चाचपून पाहत आणि कागदावर खुणा करत. इथे हाड वर आलंय. इथे भोवरी आहे. इथे नख उरलेलं नाही.

त्या नऊ जणांत दोन बायका होत्या. त्यांतली थोरली मावशी पुढे आली आणि कागदाशी थबकली.

"आबा, तुमच्या हाताला माझा पाय लागेल. तुम्ही वयानं मोठे. पाप लागेल मला."

"पाय लावत नाहीस गो तू," आबा म्हणाले, "माप देतेस. ठेव."

मावशींनी पाय ठेवला. टाचांना पडलेल्या भेगा इतक्या खोल होत्या की पेन्सिलीचं टोक त्यांत अडकत होतं. भाऊ बाजूला खुर्चीवर बसून पाहत होते. मावशी त्यांच्याच बागेत कित्येक वर्षं राबत होत्या. रोज त्यांच्या हातावर मजुरी ठेवताना भाऊंची नजर कधी त्यांच्या पायांवर गेली नव्हती. ते उठले आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. कोल्हापूरहून म्हशीचं जाड कातडं आलं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. असं कातडं तयार व्हायला आठवडेच्या आठवडे जातात, पण वापरता वापरता ते ज्याच्या पायात असतं त्याच्या पायासारखं होत जातं. नातवाने आजोबांच्या मापाबरहुकूम भाग कापले. ओलं कातडं फर्म्यावर ताणून बसवायचं, टाचेला आतून कातड्याचाच कडक तुकडा द्यायचा, पुठ्ठा नाही. पुठ्ठा कोकणातल्या पहिल्या पावसात लगदा होतो. मग कडेने कातड्याची पट्टी शिवायची आणि त्या पट्टीला तळ. तळ झिजला की तेवढाच उसवून नवा लावता येतो, वरच्या बुटाला धक्का लागत नाही. तळाला ट्रकच्या जुन्या टायरचं रबर, म्हणजे ओल्या कातळावर पकड राहते.

शिवण आबा स्वतः तपासत. एकाच मेणवलेल्या दोऱ्याची दोन टोकं एकाच भोकातून समोरासमोर ओढून घ्यायची. "यंत्राच्या टाक्यात एक दोरा तुटला की शिवण सुटत जाते," ते नातवाला सांगत. "इथे एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. माणूस कातळावर एकटा असताना त्याच्या पायातल्या बुटाने साथ सोडता कामा नये."

दसऱ्याला चार दिवस उरले होते. नऊ जोड तयार झाले. नातवाने दहावा जोड आणून आबांसमोर ठेवला. सगळ्यांत देखणा. टाके एकसारखे, कड घोटून चमकवलेली.

आबांनी हातात घेऊन पाहिला. "छान झालाय. कुणाचा?"

"राखणदाराचा. आठ नंबर."

"पाय पाहिलास त्याचा?"

"भाऊंनी नंबर दिलाय ना, आबा. आठच्या फर्म्यावर केला. आठवर बाकीच्या तिघांचे बसलेच की."

"त्या तिघांच्या फर्म्यांवर आपण कुठे कुठे कातड्याचे तुकडे चिकटवले, ते विसरलास?"

नातू गप्प राहिला. आबांनी आरी खाली ठेवली, टोपी घातली, कागद आणि फीत पिशवीत टाकली. "चल. पावसची एसटी मिळेल अजून."

भाट्याचा पूल ओलांडून गाडी गोळपला पोचेपर्यंत ऊन कलायला आलं होतं. फाट्यावर उतरून दोघे कातळावरून बागेत गेले. बागेतली माणसं राखणदाराला दाजू म्हणत. त्याने खोपीतून पाट आणून दिला, पाणी दिलं. आबांनी येण्याचं कारण सांगितलं तसा तो संकोचला.

"मालकांनी दिलेत ना गमबूट. चालतात मला."

"बघू तरी."

दाजूने खोपीच्या कुडाला टांगलेले गमबूट काढून आणले. डावा धड होता. उजव्याचा पुढचा भाग विळ्याने कापून काढलेला होता, करंगळीपासून पार मधल्या बोटापर्यंत. मग त्याने उजवा पाय पुढे केला. लहानपणी गावाकडे दरडीचा दगड पडून पायाचा पुढचा भाग चिरडला होता. हाड वेडंवाकडं जुळलं होतं आणि शेवटची दोन बोटं इतरांवर चढून बसली होती. आठ नंबरचा कुठलाही बूट त्या पायात जाणं शक्य नव्हतं.

नातवाने पिशवीतून आपला देखणा जोड काढला, पण पुढे केला नाही. त्याची नजर गमबुटाच्या कापलेल्या भागावर खिळली होती. बोटं तिथून सरळ बाहेर यायची, गवतात. बूट फुरशापासून वाचवण्यासाठी आणलेला, आणि फुरसं जिथे चावतं तीच जागा उघडी.

"मालकांना का नाही सांगितलंत?" त्याने विचारलं.

"एवढे पैसे घालून आणलेले," दाजू म्हणाला. "लागत नाहीत असं कसं सांगायचं? मीच कापले."

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी कागद पसरला आणि पेन्सिल नातवाच्या हातात दिली. नातू गुडघ्यांवर बसला. पेन्सिल उभी धरून तो हळूहळू त्या पायाभोवती रेघ ओढू लागला. जिथे बोटं एकमेकांवर चढली होती तिथे थांबून त्याने उंची मोजली, दुसऱ्यांदा मोजली आणि मग लिहिली.

परतीच्या गाडीत त्याने विचारलं, "आबा, आधीच्या जोडाचं कातडं फुकट गेलं. ते कुणाच्या हिशेबात धरायचं?"

"आपल्या. भाऊंच्या बिलात ते लागणार नाही."

मग तीन दिवस दुकानात दिवा उशिरापर्यंत जळत राहिला. उजव्या फर्म्यावर नातवाने कातड्याचे पातळ तुकडे एकावर एक चढवले, कानशीने घासून चढलेल्या बोटांचा आकार आणला, त्यावर ओलं कातडं ताणलं. शिवताना आबा त्याला गांधीजींची गोष्ट सांगत होते. दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर गांधीजी चपला बनवायला शिकले. ज्या जनरल स्मट्सने त्यांना तुरुंगात टाकलं, त्यालाच १९१४ साली देश सोडताना त्यांनी आपल्या हातच्या चपला भेट दिल्या. स्मट्सने त्या कित्येक उन्हाळे वापरल्या आणि १९३९ साली, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाला, आदराने परत पाठवल्या.

"वैऱ्यासाठी चपला शिवणारा माणूस त्याच्या पायाचा विचार करतो," आबा म्हणाले. "तेवढा वेळ तरी वैर बाजूला ठेवावंच लागतं. मग आपल्याच जिल्ह्यात राबणाऱ्या माणसाच्या पायाचा विचार करायला आपल्याला वेळ नाही, असं कसं म्हणायचं?"

दसऱ्याच्या सकाळी रापी, आरी, ऐरण आणि फर्मे मांडून पूजा झाली. झेंडूची फुलं वाहिली. दुपारी भाऊ माणसांना घेऊन आले. या वेळी बागेवर आपल्या मुलाला बसवून दाजूलाही आणलं होतं, कारण आबांनी तसा निरोप धाडला होता.

एकेकाने आपापला जोड घातला. मावशी चार पावलं चालून म्हणाल्या, "टाच दुखत नाही गो बाय." शेवटी दाजू बसला. डावा बूट घातला. उजवा घालताना तो सवयीने थांबला, बोटं आखडून घेतली आणि मग पाय आत सरकवला. बोटं आखडायची गरज नव्हती. त्याने उभं राहून पाय जमिनीवर दाबला, पुन्हा दाबला.

भाऊंनी तो बूट पाहिला. एक जोड आणि दोन आकार. "हा असा का?"

दाजू खाली पाहू लागला. तेव्हा नातवानेच सगळं सांगितलं: पायावर पडलेला दगड, विळ्याने कापलेला गमबूट, उघडी राहिलेली बोटं आणि त्या उघड्या पायाने वर्षभर घातलेल्या रात्रीच्या फेऱ्या. स्वतः केलेला पहिला जोडही त्याने फळीवरून काढून दाखवला. "हा तुमच्या चिठ्ठीवरून मी केला होता, भाऊ. तुमचा नंबर चुकला आणि मीही तो तपासला नाही."

भाऊ काही वेळाने दाजूकडे वळले. "वर्षभर माझ्यासमोरून जात होतास. मी बूट दिले एवढंच मला ठाऊक. ते तुझ्या पायात गेले की नाही, हे मी विचारलंच नाही. यापुढे काही लागलं, सललं, तर मला सांगायचं. आणि तू नाही सांगितलंस तरी मी विचारीन."

पुढच्या वर्षी गणपतीनंतर भाऊ पुन्हा दुकानात आले. काही बुटांचे तळ बदलायचे होते आणि तीन नवी माणसं कामाला लागली होती. त्यांच्या हातात चिठ्ठी होतीच, पण या वेळी तिच्यावर नंबर नव्हते. माणसांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे ते माणूस कोणत्या संध्याकाळी मापाला येईल ते लिहिलेलं होतं. आबांनी चिठ्ठी नातवाकडे दिली. आता मापं तोच घेत होता.

तात्पर्य: भलं करण्याची इच्छा असली तरी ती पुरत नाही. भाऊंच्या मनात दयाच होती आणि नातवाच्या हातात कसब होतं, तरीही दाजूचा पाय उघडाच राहिला. दया आणि कसब दोन्ही आकड्याशी थांबली, माणसापर्यंत पोचली नाहीत. ज्याच्यासाठी काही करायचं, त्याच्यापाशी आधी जावं, वाकावं, त्याला काय सलतं ते विचारावं आणि मग कामाला हात घालावा. हातच्या कामाची खरी किंमत यातच आहे. ते कुणा एकासाठी केलेलं असतं, आणि करणाऱ्याने त्या एकाला पाहिलेलं असतं.