पडद्यावरची लढाई कोण पाहतो?

जयपूरच्या दक्षिणेला टोंक रस्त्यालगत सीतापुरा ही औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या प्रदर्शन केंद्रात ८ आणि ९ मार्च २०२५ रोजी ‘आयफा’चा रौप्यमहोत्सवी सोहळा झाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान ‘लापता लेडीज’ने मिळवला. निखिल नागेश भट यांच्या ‘किल’ या हाणामारीच्या चित्रपटाला छायालेखनाचा आणि ध्वनीचा पुरस्कार मिळाला, खलनायकाच्या भूमिकेचाही मिळाला. हा सोहळा चालू होता तेव्हा संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ प्रदर्शित होऊन चौथा आठवडा लागला होता आणि महाराष्ट्रात घरोघरी त्याचीच चर्चा होती. ‘अंगावर काटा आला’, ‘शेवट बघवत नाही’, ‘इतिहासाची मोडतोड केली’, ‘प्रत्येकाने बघायलाच हवा’ अशी मते चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत ऐकू येत होती. अशा मतांकडे जाणकार सहसा दुर्लक्ष करतात. इतिहासकाराच्या लेखी ती अडाणी असतात आणि समीक्षकाच्या लेखी भाबडी. मला दोघांचेही म्हणणे पटत नाही. युद्धपटाचा खरा पारखी साधा प्रेक्षकच असू शकतो. अडचण एवढीच आहे की तो पडद्यावर मानापमान मोजत बसतो आणि समोरची लढाई बघायची राहून जाते.

साध्या प्रेक्षकाला मी पारखी म्हणतो, कारण लढाईचे दृश्य आधी शरीराला कळते. वर्तमानपत्री परीक्षणात कथा, अभिनय, संगीत यांना परिच्छेद मिळतात आणि ‘साहसदृश्ये उत्तम जमली आहेत’ या एका ओळीत पाऊण तासाची लढाई निकालात निघते. प्रेक्षकाचे तसे नसते. बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’त १९२० साली भीमाने कीचकाला मारले, तेव्हा ते दृश्य लोकांना इतके खरे वाटले की ते असह्य झाले आणि पुढे सेन्सॉरने त्याला कात्री लावली. त्या प्रेक्षकांपैकी कुणी सिनेमाचे शास्त्र शिकलेले नव्हते. पडद्यावर काहीतरी नवे आणि भयंकर घडते आहे, हे त्यांना उमगले होते आणि ते बरोबरच होते. शिवाय या विषयातले जाणकार आपल्याकडे पांढरपेशा वर्गाबाहेरच जास्त आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घरटी सैनिक आहेत. कोल्हापुरात आजही दांडपट्टा आणि लाठी फिरवणाऱ्यांचे आखाडे चालतात. पट्टा किती अंतरावर लागतो, जखमी माणूस किती वेळ उभा राहू शकतो, रात्रभर चाललेल्या माणसाच्या हातात सकाळी किती बळ उरते, हे या मंडळींना ठाऊक असते. पण त्यांना याबद्दल कुणी विचारत नाही, आणि आपले हे ज्ञान सिनेमावर बोलायच्या कामाचे आहे असे त्यांनाही वाटत नाही.

‘किल’ पाहिला की मला काय म्हणायचे आहे ते स्पष्ट होते. दिल्लीकडे निघालेल्या गाडीत दरोडेखोर शिरतात आणि प्रवाशांमध्ये दोन कमांडो असतात, एवढीच कथा. ‘फार रक्त आहे’ असे बहुतेकांनी म्हटले आणि ते खरेही आहे. पण त्या रक्ताचा हिशेब चित्रपटाने ठेवला आहे. डब्यातली वाट अरुंद, दोन माणसे शेजारी उभी राहिली की तिसऱ्याला जागा नाही, म्हणून प्रत्येक वार हातभर अंतरावरून होतो. पडदे, बर्थच्या कडा, दोन डब्यांमधले दार यांची जागा आपल्याला आधीच माहीत झालेली असते, त्यामुळे कोण कुठे अडकला ते कळते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दरोडेखोर एकमेकांचे नातलग आहेत. त्यांच्यातला एक मेला की दुसरा त्याच्याजवळ बसून रडतो. नायकाने मारलेला माणूस कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी काका आहे, हे नायकावर माया असलेल्या प्रेक्षकालाही बघावे लागते. आपल्या बहुतेक युद्धपटांत शत्रूचे सैनिक पडतात ते केवळ संख्या म्हणून. रक्त कमी-जास्त असण्यापेक्षा हा फरक मोठा आहे आणि तो ओळखायला कुठलीही पदवी लागत नाही.

आता ‘छावा’कडे येऊ. त्यावरचा पहिला वाद चित्रपट येण्याआधीच झाला. झलक दिसली, तीत संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, आक्षेप उठला आणि जानेवारीतच दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढत असल्याचे जाहीर केले. १४ फेब्रुवारीला चित्रपट आला आणि शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजी-कान्होजींच्या चित्रणाला हरकत घेतली. दोन्ही वाद कुणाच्या मानाला धक्का लागला याभोवती फिरले. संगमेश्वरची लढाई कशी दाखवली आहे, यावर त्या मानाने फारच थोडे बोलले गेले. फेब्रुवारी १६८९च्या सुरुवातीला मोगल सरदार मुकर्रबखान कोल्हापूरच्या बाजूने सह्याद्रीचे अवघड घाट उतरून, निवडक लोकांनिशी, बातमी पोहोचण्याआधी संगमेश्वरावर आला. एरवी मोगलांना अशा चालीने हैराण करणारे मराठे त्या दिवशी स्वतःच तिच्यात सापडले. महाराजांच्या आयुष्यातली ही सर्वांत हृदयद्रावक गोष्ट आहे आणि ती सारी वेगाची, वाटेची, चुकलेल्या खबरेची आहे. पडद्यावर मात्र तिची दीर्घ झुंज होते, एकटा वीर असंख्यांवर तुटून पडतो. विकी कौशलने त्यात जीव ओतला आहे, प्रेक्षक रडले ते मनापासून रडले, आणि त्या अश्रूंना मी नावे ठेवणार नाही. पण झुंज जितकी लांबते तितका ‘ही वेळ आलीच कशी’ हा प्रश्न मागे पडतो, आणि फितुरी हे एकच उत्तर हाती उरते. मग वाद फितूर कोण यावर होणार, हे ओघानेच आले.

यावर नेहमीचे उत्तर असे की हा शेवटी सिनेमा आहे, करमणूक आहे, तो एवढा मनावर कशाला घ्यायचा? मनावर घ्यावा लागतो, कारण लोक पडद्यावर विश्वास ठेवतात. ‘छावा’त बुऱ्हाणपूरची लूट आहे. चित्रपट गाजत असताना मार्चमध्ये बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या असीरगडाजवळ मोगलांचे सोने सापडत असल्याची वावडी उठली आणि माणसे रात्री मोबाईलच्या उजेडात शेते खणू लागली. दुसरे उदाहरण राजस्थानातले आहे. जैसलमेर जिल्ह्यातल्या लोंगेवालाची लढाई ४ आणि ५ डिसेंबर १९७१च्या रात्री झाली. मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या तुकडीने ठाणे रात्रभर धरून ठेवले आणि उजाडल्यावर हवाई दलाच्या हंटर विमानांनी रणगाडे टिपले. आपले दोन जवान कामी आले. १९९७च्या ‘बॉर्डर’मध्ये मात्र एकामागून एक जवान धारातीर्थी पडतात, आणि आज लोंगेवाला म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे तेच येते. खऱ्या लढाईतले मोल होते ते जागा न सोडण्याचे, रात्रभर दम धरण्याचे आणि माणसे वाचवण्याचे. बलिदानाशिवाय पराक्रम पटत नाही अशी सवय आपल्या डोळ्यांना लागली आहे, आणि तीच सवय उद्या खऱ्या युद्धाबद्दल बोलतानाही कायम राहते. म्हणून मला ही केवळ करमणुकीची बाब वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांच्या पूर्वजांचे चित्रण चुकीचे झाले, त्यांनी गप्प बसायचे का? याचे उत्तर जयपूरमध्येच शोधता येते. आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ ६ डिसेंबर २०१९ला लागला आणि राजस्थानात जाट समाज खवळला. भरतपूरचा सूरजमल मदतीच्या बदल्यात आग्र्याचा किल्ला मागतो असे त्यात होते. जयपूरच्या एका चित्रपटगृहात मोडतोड झाली, खेळ बंद पडले आणि निर्मात्यांनी सुमारे अकरा मिनिटांचा भाग कापला. महाराष्ट्रात या प्रकाराकडे परप्रांतातला दंगा म्हणून पाहिले गेले. पण भरतपूरकरांच्या रागाला आधार होता. पानिपतावरून अन्नवस्त्राविना परतणाऱ्या मराठ्यांना आसरा दिला तो याच सूरजमलने. जयपूरच्या आठवणीत तर मराठे वेगळेच आहेत. मराठा सरदारांच्या खंडणीच्या तगाद्यापायी १७५०च्या डिसेंबरात राजा ईश्वरीसिंहाने जीव दिला, पुढच्याच महिन्यात शहरात शिरलेल्या मराठ्यांची लोकांनी कत्तल केली, आणि १७८७ साली तुंग्याच्या लढाईनंतर महादजी शिंद्यांना माघार घ्यावी लागली. ज्या शहराने मराठ्यांचे सैन्य असे पाहिले आहे, तिथला माणूस ‘पानिपत’ आपल्या डोळ्यांनी कसा पाहील? त्याचे मत ही साक्ष आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे. मात्र काच फोडली की साक्ष संपते. कात्रीने दृश्य वगळता येते, पण सूरजमलने किती जखमींना घरी ठेवून घेतले हे कात्री सांगू शकत नाही. ते सांगायला बोलावे लागते, लिहावे लागते, आणि त्याआधी चित्रपट बघावा लागतो.

‘आम्हाला बखरी आणि कागदपत्रे कुठे वाचता येतात?’ असे कुणी म्हणेल. त्यांची गरजच पडत नाही. सैन्य जेवले काय, पाणी कुठून आले, घोड्यांना दाणा कुणी घातला, जखमी कुठे गेले, लढाई किती वेळ चालली आणि तोवर सूर्य कुठे होता, एवढे विचारले तरी बऱ्याच युद्धपटांचा पोकळपणा उघडा पडतो. पानिपतावर मराठे दोन-अडीच महिने अडकून होते. १४ जानेवारी १७६१ला ते उपाशी पोटी बाहेर पडले, कारण छावणीत मरण्यापेक्षा लढून मरणे त्यांनी पत्करले. गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदेची वाट बंद झाली होती, सोबत यात्रेकरू आणि बायकामुले होती, आणि अब्दालीकडे ताज्या दमाच्या तुकड्या राखीव होत्या. हे सगळे शाळेत शिकवले जाते. ते डोक्यात ठेवून भाऊसाहेबांचा शेवटचा प्रसंग पाहिला, तर पडद्यावरच्या तलवारीच्या प्रत्येक फेकीला आपण त्या उपासाचा जाब विचारू शकतो.

मराठीत शिवकाळावरचे आणि पेशवाईवरचे चित्रपट यापुढेही येत राहतील आणि प्रेक्षक गर्दीही करतील. त्यांना माझी एक विनंती आहे. झलक पाहून मत देऊ नका, पूर्ण चित्रपट पाहून द्या, आणि ते देताना महाराज कसे दिसले याच्या जोडीला लढाई कशी दाखवली तेही सांगा. गावातल्या निवृत्त जवानाला आणि आखाड्यातल्या वस्तादाला सोबत न्या आणि बाहेर आल्यावर आधी त्यांना बोलू द्या. आणि ‘पानिपत’ पुन्हा पाहाल तेव्हा हेही लक्षात असू द्या की सूरजमलच्या बाजूने पहिला आवाज मराठी माणसाने उठवायला हवा होता.