साथीचा सूर

१९८८च्या हिवाळ्यात रविवारी सकाळी आमच्या घरी एक गोष्ट ठरलेली असे. 'भारत एक खोज'चे शीर्षकसंगीत सुरू झाले की वडील हातातला पेपर घडी घालून बाजूला ठेवत. लहानपणी त्यांनी गावच्या देवळात वेदपठण ऐकले होते, त्यामुळे ऋचा त्यांना नवीन नव्हती. नवीन होते ते तिच्याभोवती उभे राहणारे समूहाचे आवाज. "शब्द आपलेच आहेत, पण कुणीतरी चर्चमध्ये उभे राहून म्हणतंय असं वाटतं," असे ते एकदा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. ते चकित झाले होते, आणि पुढच्या रविवारीही पेपर बाजूला ठेवून बसले.

ते संगीत वनराज भाटियांचे. श्याम बेनेगल यांच्या या ५३ भागांच्या मालिकेची सुरुवात ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १२९व्या सूक्ताने, म्हणजे नासदीय सूक्ताने होई. त्याचा हिंदी अवतार मराठी माणसाने केला होता. ते वसंत देव, ज्यांनी मराठी नाटकेही हिंदीत नेली. हे सूक्त म्हणजे एक प्रश्न आहे. सृष्टीच्या आधी काय होते, हे कोण सांगणार, आणि जो वर बसून पाहतो आहे त्याला तरी ते ठाऊक आहे का, असा संशय त्याच्या अखेरीस आहे. एवढी मोठी शंका एकाच कंठातून आली असती तर ती त्या एका माणसाची वाटली असती. भाटियांनी ती समूहाच्या तोंडी दिली, आणि ती सगळ्यांची झाली. हा संगीतातला निर्णय आहे, पण त्यामागे सूक्ताचा अर्थ नीट वाचलेला माणूस आहे. त्यांच्याबद्दल लिहायचे कारण हेच. चित्रपट आणि दूरचित्रवाणीसाठी संगीत लिहिणाऱ्या माणसाचे पहिले काम चाल बांधणे नसते, वाचणे असते.

भाटिया १९२७ साली मुंबईत गुजराती कुटुंबात जन्मले. न्यू एरा शाळेत असताना ते हिंदुस्थानी संगीत शिकले देवधर स्कूलमध्ये. कुमार गंधर्वांना घडवणाऱ्या बी. आर. देवधरांचीच ही शाळा. किशोरवयात त्यांच्या कानावर चायकोव्हस्कीचा पियानो कॉन्चेर्तो पडला आणि दिशा बदलली. एल्फिन्स्टनमधून इंग्रजीत एम. ए. करून ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये गेले आणि १९५४ साली तिथून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले. मग पॅरिसमध्ये नादिया बुलांझे यांच्याकडे. या बाईंचा शिष्यवर्ग पाहिला तरी थक्क व्हायला होते. अमेरिकेचा आरन कोपलंड, जॅझमधला क्विन्सी जोन्स, अर्जेंटिनाचा आस्तोर पियाझोला. पियाझोलाची गोष्ट प्रसिद्ध आहे. आपण टँगो वाजवतो हे तो बाईंपासून लपवत होता आणि मोठ्या सिंफनीसारखे काही लिहून दाखवत होता. बाईंनी टँगो ऐकला आणि हाच तू, हे सोडू नकोस, असे त्याला बजावले. भाटियांच्या बाबतीत असा एखादा क्षण घडला की नाही, त्यापेक्षा त्या वर्गात काय शिकवले जाई ते महत्त्वाचे वाटते. काउंटरपॉइंट. दोन स्वरओळी एकाच वेळी चालतात, दोघींना स्वतःचा जीव असतो, एक दुसरीची सावली होत नाही, आणि तरी दोघी मिळून एकच संगीत होते.

पाश्चात्त्य संगीत न शिकलेल्या आपल्या कानाला ही कल्पना अनोळखी वाटायचे कारण नाही. आपल्याकडे तिला वेगळे नाव आहे. साथ. बैठकीत पेटीवाला गायकाची प्रत्येक जागा लगेच जशीच्या तशी काढून दाखवू लागला की नवखे लोक वाहवा करतात आणि जाणकार अस्वस्थ होतात. गोविंदराव पटवर्धनांची पेटी ज्यांनी संगीत नाटकाला ऐकली आहे, त्यांना फरक सांगावा लागत नाही. चांगला साथीदार गायकाने मोकळी ठेवलेली जागा ओळखतो आणि कधी ती मोकळीच राहू देतो. चित्रपटाचा संगीतकार पडद्याची साथ करतो. पडद्यावर माणूस रडतो आहे आणि खाली व्हायोलिनही रडते आहे, ही झाली नक्कल. आज निम्म्या मालिकांत हेच चालते. सासूने भुवई उचलली की ढोल, सुनेने मान वळवली की पुन्हा ढोल. प्रेक्षकाला काय वाटावे हे त्याला वाटायच्या आधीच सांगून टाकायचे. मला ही पद्धत नुसती कर्कश वाटत नाही, ती प्रेक्षकाचा अपमान करणारी वाटते.

साथीत गप्प राहणेही येते, आणि मराठी चित्रपटाने ते फार लवकर ओळखले होते. १९३७ साली 'कुंकू' करताना व्ही. शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे यांनी वरून लावलेले पार्श्वसंगीत वापरलेच नाही. जो आवाज त्या प्रसंगात खरोखर असेल तोच ऐकू येईल, असे ठरवले. ज्या काळात बोलपट गाण्यांनी ओसंडून वाहत होते, त्या काळात हा निर्णय एका संगीतकाराने पत्करला. नायिका नीरेच्या घुसमटीला त्या रिकाम्या जागेने जे दिले ते एखाद्या वाद्यवृंदाला देता आले नसते. १९७४च्या 'अंकुर'कडे मी याच वाटेने पाहतो. भाटियांचा हा पहिला कथापट. पॅरिसहून शिकून आलेला, वाद्यवृंदासाठी लिहू शकणारा माणूस, आणि पहिली मोठी संधी मिळाली ती अशा चित्रपटात जिथे हिंदी पडद्यावरची नेहमीची गाणी नाहीत. आपल्याला काय काय येते ते दाखवून टाकायचा मोह त्या वेळी किती झाला असेल! त्यांनी तो होऊ दिला नाही.

ही शिस्त आली कुठून? माझ्या मते जाहिरातीतून. १९५९ साली परतल्यावर त्यांनी शक्ती सिल्कच्या साड्यांच्या जाहिरातीसाठी संगीत केले. १९६० ते ६५ दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवले खरे, पण जाहिराती सुटल्या नाहीत. त्यांच्या जाहिरातींचा आकडा सात हजारांच्या वर गेल्याचे सांगितले जाते. धबधब्याखालच्या लिरिलच्या मुलीमागची लकेर त्यांचीच. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. अर्ध्या मिनिटाची जाहिरात म्हणजे पंचेचाळीस फूट. तेवढ्या पट्टीत सुरुवात, चढ, शेवट आणि वस्तूचे नाव. इथे एक स्वर जास्त झाला तर तो थेट बाहेर पडतो. जाहिरातीचे काम म्हणजे पोटासाठी केलेली तडजोड, असे म्हणून लोक पुढे जातात. मला ती त्यांची तालीम वाटते. बेनेगलही जाहिरातपटांतूनच आले होते, ही गोष्ट नजरेआड करू नये. दोघांनाही फुटांत विचार करायची सवय होती.

आणि हे सगळे प्रत्यक्षात वाजवणारे कोण? त्या काळी रेकॉर्डिंगच्या दालनात पडद्यावर एकेक रील फिरे आणि समोर वादक बसत. त्यांतले कितीतरी गोव्याचे. तिथल्या चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच कागदावरची स्वरलिपी वाचायला शिकवली जाई. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही नावे आता थोडीफार घेतली जातात, पण बहुतेकांची श्रेयनामावलीत कधी नोंद झाली नाही. नौशादांपासून शंकर-जयकिशनपर्यंतच्या सुवर्णकाळाचा भार या मंडळींनी उचलला. भाटियांनी जे कागदावर उतरवले, ते पाहताक्षणी वाजवू शकणारी माणसे मुंबईत होती ती गोव्याच्या या शिक्षणामुळे. १९८५ साली बेनेगल-भाटियांचा 'त्रिकाल' आला, १९६१च्या मुक्तीच्या उंबरठ्यावरच्या गोव्याचा, लोटलीच्या मारिओ मिरांडांच्या वाड्यात चित्रित झालेला. तेव्हा मुंबईच्या पार्श्वसंगीताने गोव्याचे जुने ऋण थोडे फेडले, असे मला नेहमी वाटते.

'मंथन'बद्दल थोडक्यातच सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून हा चित्रपट उभा केला आणि प्रीती सागर यांच्या आवाजातल्या त्याच्या शीर्षकगीताला लोकगीत समजणारे आजही भेटतात. संगीतकाराचे नावच पुसले जावे इतके ते गाणे त्या मातीचे झाले.

थांबावेसे वाटते ते 'भूमिका'पाशी. १९७७चा हा चित्रपट हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला. नायिका चित्रपटातली नटी, म्हणजे गाणी तर हवीतच, पण ती त्या त्या काळातल्या चित्रपटातली वाटायला हवीत. तीसच्या दशकातले गाणे, चाळीसचे, पन्नासचे. नुसते जुन्यासारखे करणे सोपे असते. आवाजावर खरखर चढवायची, पेटी पुढे आणायची, झाले. भाटिया त्या काळाच्या कंठाकडेच गेले. सरस्वतीबाई राणे, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कन्या, हिराबाई बडोदेकरांच्या भगिनी. त्यांनी स्वतः चाळीसच्या दशकात चित्रपटांसाठी गायले होते. 'भूमिका'त त्या आपल्या नातीसोबत, मीना फातर्पेकरांसोबत गातात. फिरोज दस्तूरही आहेत, किराणा घराण्याचे मोठे गवई, आणि तरुणपणी बोलपटांत काम केलेले. त्यामुळे चित्रपटात आजी गाते तेव्हा तिथे साक्षात तो काळ गात असतो. गाणी लिहिणाऱ्यांत मजरूह सुलतानपुरींबरोबर वसंत देवही आहेत. ज्या आत्मकथनातून हे सगळे आले ते मराठी, पडद्यावरची उषा म्हणजे स्मिता पाटील, कंठ किराण्याचा, आणि हे सारे पॅरिसच्या शिष्याने एकत्र बांधलेले. मला हा चित्रपट बघताना दर वेळी जाणवते की भाटियांना इथे स्वतःची चाल सापडलेली नाही, त्यांनी ती शोधलेलीच नाही. त्यांनी उषाच्या आयुष्यातून जाणारी गाण्याची वाट शोधली.

त्यांच्यावर एक आक्षेप घेतला जातो, तो मला गंभीर वाटतो. 'मंथन'मध्ये गुजराती लोकधून, 'सरदारी बेगम'मध्ये ठुमरी, '३६ चौरंगी लेन'मध्ये पाश्चात्त्य बाज. मग यात वनराज भाटिया कुठले? खेमचंद प्रकाश असोत की सलील चौधरी, दोन ओळींत ओळखू येतात. भाटिया तसे ओळखू येत नाहीत. बराच काळ मलाही हे उणे वाटत होते. 'तमस' पुन्हा पाहिल्यावर मत बदलले. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची गोविंद निहलानींची ही मालिका १९८८च्या जानेवारीत दूरदर्शनवर आली, ती थांबवावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत लोक गेले, आणि दोन्हीकडे मालिकेच्या बाजूने निकाल लागला. फाळणीच्या दंगलीची ही कथा घराघरांतल्या छोट्या, डबड्यासारख्या स्पीकरमधून ऐकली जाणार होती. संगीताने कोणाची बाजू घेतली असती तर तेच भडकले असते. कुठल्या समाजाचे वाद्य, कुठल्या धर्माचा ठेका, हे सगळे अशा ठिकाणी ठिणगीसारखे असते. लक्षात राहते ती शीर्षकातली आर्त हाक. दुःखाला जात विचारायच्या आधीचा तो आवाज आहे. या कामासाठी भाटियांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भाटियांची सही चालीत शोधली म्हणून मला सापडत नव्हती. ती कुठे थांबायचे आणि कोणाच्या बाजूने उभे राहायचे नाही, या जाणिवेत होती.

इतके सगळे करणाऱ्या माणसाचे म्हातारपण कसे गेले? १९८९ला संगीत नाटक अकादमी पुरस्कार, २०१२ला पद्मश्री, आणि २०१९ साली वर्तमानपत्रांत त्यांच्या पैशाच्या चणचणीच्या बातम्या. ते वाचून मला शरम वाटली. ही शरम एका माणसाच्या नशिबाबद्दल नव्हती, आपल्या व्यवस्थेबद्दल होती. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली निर्मात्याने पैसे देऊन करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माताच मानला. म्हणजे 'भूमिका' आली त्याच वर्षी. एकदा मानधन घेतले की चाल पन्नास वर्षे वाजली तरी संगीतकाराला त्यातले काही मिळायचे नाही. २०१२च्या दुरुस्तीने हे बदलले. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. रॉयल्टीचा वाटा आता गीतकार-संगीतकाराकडून लिहून घेता येत नाही. पण तोवर भाटिया पंचाऐंशी वर्षांचे होते आणि त्यांचे बहुतेक काम मागे पडले होते. हजारो जाहिरातींनी कुणाकुणाचा साबण, रंग आणि कापड विकले, याचा हिशेब कुणी मांडला नाही. साथीदाराला बिदागी वेगळी काढायची असते, ही आपल्या बैठकींची जुनी रीत. पडद्याच्या धंद्याने ती कधी उचलली नाही.

या सगळ्या वर्षांत ते स्वतःचेही लिहीत होते. पियानोसाठी, तंतुवाद्यांसाठी. शेवटच्या टप्प्यात गिरीश कर्नाडांच्या 'अग्नी आणि पाऊस' या नाटकावर ऑपेरा. कर्नाड म्हणजे 'मंथन'मधले डॉक्टर राव, त्यांच्याच गाडीमागे ते गाणे वाजले होते. या लेखनाला रील नव्हती, फूट नव्हते, दिग्दर्शकाचा कट नव्हता.

जानेवारी २०१९मध्ये जगप्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा मुंबईत आले आणि त्यांनी भाटियांची चेलोसाठी लिहिलेली 'रेव्हरी' वाजवली. भाटिया तेव्हा ९१ वर्षांचे. पुढे दोन वर्षांनी, ७ मे २०२१ला, ते गेले. त्या जानेवारीत मात्र मुंबईतल्या एका संध्याकाळी त्यांचे संगीत कुणाच्याही चेहऱ्यामागे, कुणाच्याही आगगाडीमागे, कुठल्याही साबणामागे नव्हते. समोर खुर्चीवर एक माणूस होता, त्याच्या गुडघ्यांमध्ये चेलो, आणि लोक फक्त ऐकत होते.