जोखीम कोणाची?

पैसा उसना देणे आणि दुसऱ्याच्या उद्योगात पैसा घालणे या दोन कृती वरवर पाहता सारख्याच वाटतात. दोहोंतही एकाजवळची रक्कम दुसऱ्याच्या हाती जाते आणि कालांतराने ती वाढून परत यावी अशी अपेक्षा असते. तरीही मध्ययुगीन युरोपातील नीतिशास्त्रज्ञांनी या दोहोंमध्ये एक ठळक रेषा ओढली होती. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात व्याजाचा निषेध केला. पण त्याच विवेचनात त्यांनी असेही सांगितले की, जो आपला पैसा व्यापाऱ्याच्या वा कारागिराच्या हाती भागीदारीच्या नात्याने सोपवतो, तो त्या पैशाची मालकी सोडत नाही. पैसा बुडाला तर तो त्याचाच बुडतो. म्हणूनच नफ्यातील वाटा मागण्याचा त्याला अधिकार पोहोचतो. सावकाराचे तसे नाही. गलबत बुडो की दुकान जळो, त्याचे मुद्दल आणि व्याज चुकते व्हायलाच हवे. तेव्हा कमाई न्याय्य की अन्याय्य हे ठरवणारा त्यांचा प्रश्न एकच होता : जोखीम कोणाची?

हा जुना प्रश्न आज ज्या व्यवसायाला विचारण्यासारखा आहे, तो म्हणजे साहस भांडवलाचा. नव्या, अपरीक्षित उद्योगाला तारण न घेता, व्याज न लावता, मालकीतील वाट्याच्या मोबदल्यात पैसा पुरवायचा. उद्योग बुडाला तर पैसा बुडाला, वाढला तर वाटाही वाढला. कागदावर पाहिले तर हे अक्वायनस यांच्या भागीदारीचेच आधुनिक रूप. ते खरोखर तसे आहे काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या व्यवसायाचा पाया ज्यांनी घातला असे मानले जाते, ते जॉर्ज दोरिओ १८९९ साली पॅरिसमध्ये जन्मले. पुढे ते अमेरिकेत हार्वर्ड येथे व्यवसायशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात ब्रिगेडियर जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढले. युद्धकाळात प्रयोगशाळांतून पुष्कळ नवे ज्ञान निर्माण झाले होते. ते बाजारात आणण्याची उमेद तरुण अभियंत्यांत होती. पण बँकेपुढे ठेवण्याजोगे तारण त्यांच्यापाशी नव्हते. ही उणीव हेरून १९४६ साली बॉस्टन येथे ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ ही कंपनी स्थापन झाली आणि तिची सूत्रे दोरिओंकडे आली. १९५७ मध्ये केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन हे दोन अभियंते त्यांच्याकडे आले. त्यांना संगणक बनवायचे होते; परंतु संगणकाच्या नादी लागून मोठमोठ्या कंपन्यांनी हात पोळून घेतले होते. तेव्हा संचालकांपुढे बोलताना ‘संगणक’ हा शब्दच उच्चारू नका, असा हितोपदेश त्यांना करण्यात आला! म्हणून कंपनीचे नाव पडले ‘डिजिटल इक्विपमेंट’. तिच्या सत्तर टक्के मालकीसाठी दोरिओंनी ७०,००० डॉलर दिले. १९६६ साली या कंपनीचे भाग बाजारात आले, तेव्हा त्या वाट्याची किंमत जवळजवळ चार कोटी डॉलर झाली होती.

या यशोगाथेची दुसरी बाजूही पाहायला हवी. दोरिओंनी पंचवीस वर्षांत अनेक उद्योगांना हात दिला. पण ही एक कंपनी हिशेबातून वगळली तर त्यांच्या संस्थेच्या उत्पन्नाचा दर जवळपास निम्म्यावर येतो. पुढे हाच या व्यवसायाचा नियम ठरला. दहा उद्योगांत पैसा घालावा. त्यांतील निम्म्याहून अधिक मुद्दलसुद्धा परत देत नाहीत, दोन-तीन जेमतेम तग धरतात आणि एखादा असा फोफावतो की साऱ्यांची भरपाई करून वर नफा उरतो.

आपल्याकडच्या पतपेढीचा हिशेब याच्या अगदी उलट असतो. तेथे दहा कर्जांपैकी एक बुडाले तर उरलेल्या नवांवरचे व्याज त्यात जाते. म्हणून व्यवस्थापक दोन जामीनदार मागतो आणि धोका दिसला की नकार देतो. त्याचे चुकते ते ‘हो’ म्हणण्यात. साहस भांडवल पुरवणाऱ्याचे ‘हो’ चुकले तर फार तर घातलेली रक्कम जाते. ‘नाही’ चुकले तर मात्र शेकडो पटींची कमाई हातची निसटते. बेसेमर व्हेंचर पार्टनर्स ही या क्षेत्रातील एक जुनी संस्था. आपण कोणकोणत्या उद्योगांना नकार दिला याची यादीच ती मोकळेपणाने प्रसिद्ध करते आणि त्या यादीत अ‍ॅपल आहे, गूगलही आहे. एवढा विनोदबुद्धीचा प्रामाणिकपणा आपल्याकडच्या बँकांना परवडेल असे वाटत नाही.

या गणितात मला जे नैतिक दृष्ट्या बोचते ते हे की, दहा हा आकडा फक्त गुंतवणूकदाराचा आहे. उद्योजकापाशी दहा उद्योग नसतात. त्याच्यापाशी एकच असतो आणि त्यात त्याची पाच-सात उमेदीची वर्षे, बायकोचे दागिने, मित्रांचा विश्वास असे सारे पणाला लागलेले असते. सातांचे बुडणे ही एकाच्या दृष्टीने सरासरी. त्या सातांच्या दृष्टीने तो आयुष्याचा एक संपूर्ण खंड असतो. दोरिओंना हे उमगले होते. उद्योगाची तुलना ते अपत्याशी करीत. मूल जन्माला आले की ते आपल्याला किती परतावा देईल असे कोणी विचारीत नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे असे. आजारी उद्योगालाही वेळ द्यावा, तो झटपट विकू नये, हा त्यांचा कटाक्ष होता. मात्र या व्यवसायातील त्यांच्या वारसांनी त्यांचे गणित जितक्या तत्परतेने उचलले, तितका हा कटाक्ष उचलला नाही.

निवड कशी करायची, याविषयी या क्षेत्रात दोन संप्रदाय आहेत. दोरिओ आणि त्यांच्यामागून आलेले आर्थर रॉक यांचा भर माणसावर. कल्पना दुय्यम असली तरी माणूस अव्वल हवा. चांगला माणूस चुकीची कल्पना सोडून बरोबर कल्पनेकडे वळेल, उलटे मात्र घडत नाही. १९५७ साली शॉक्ली यांच्या प्रयोगशाळेतून आठ शास्त्रज्ञ बाहेर पडले, तेव्हा त्यांच्यासाठी दारोदार हिंडून रॉक यांनी पैसा उभा केला. त्या आठांपैकी नॉइस आणि मूर या दोघांनी १९६८ मध्ये इंटेल काढायचे ठरवले, तेव्हा योजनेचा कागद जेमतेम पानभर होता. पण रॉक यांच्या शब्दावर पंचवीस लाख डॉलर जमा झाले. दुसरा संप्रदाय डॉन व्हॅलेंटाइन यांचा. १९७२ साली ‘सिकोया’ संस्था स्थापन करणारे हे गृहस्थ म्हणत, मला बाजारपेठ दाखवा. नदीला पाणी असेल तर नावाडी बदलता येतो, अशी काहीशी त्यांची धारणा. (ही उपमा माझी, त्यांची नव्हे.)

पहिला संप्रदाय मनाला अधिक भावतो, यात शंका नाही. माणसावर विश्वास टाकणे ही उदात्त गोष्ट आहे. परंतु तिच्यात एक सापळा दडलेला असतो. माणसाची पारख करताना आपण पूर्वी यशस्वी झालेल्यांचा चेहरा नकळत समोर ठेवतो : तेच विद्यापीठ, तीच बोलण्याची ढब, पुष्कळदा तेच लिंग आणि तोच वर्ण. अमेरिकेत केवळ स्त्रियांनी स्थापन केलेल्या उद्योगांच्या वाट्याला या भांडवलापैकी अलीकडच्या वर्षांत दोन-अडीच टक्क्यांच्या आसपासच रक्कम आली आहे. पारख आणि पूर्वग्रह यांच्यातील सीमारेषा पारख करणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. व्हॅलेंटाइन यांची रोखठोक दृष्टी कोरडी खरी. पण समोरचा माणूस आपल्यासारखा आहे की नाही, हे तरी ती विचारीत नाही.

निवडीनंतर येते ती घडण. भांडवल देणारा केवळ पैसा देऊन थांबत नाही, याचे उत्तम उदाहरण जेनेन्टेकचे. मानवी संप्रेरकाचे जनुक जीवाणूत घालून त्या जीवाणूकडूनच ते संप्रेरक बनवून घ्यायचे, ही कल्पना घेऊन रॉबर्ट स्वॉन्सन हा तरुण १९७६ साली टॉम पर्किन्स यांच्याकडे आला. शास्त्रज्ञ हर्बर्ट बॉयर त्याच्या सोबतीला होते. असे काही घडू शकते हे तोवर सिद्धच झाले नव्हते. प्रयोगशाळा, यंत्रे, माणसे यांवर आरंभीच प्रचंड खर्च करण्याऐवजी हे प्रयोग विद्यापीठ आणि रुग्णालय यांच्या विद्यमान प्रयोगशाळांकडून करारावर करवून घ्यावेत, असे पर्किन्स यांनी सुचवले आणि पहिल्या टप्प्यापुरते एक लाख डॉलर दिले. सर्वांत मोठी शंका सर्वांत कमी पैशांत आधी फेडायची, ती फिटली की पुढचा हप्ता, असा हा विचार. १९७७ मध्ये पहिले संप्रेरक, १९७८ मध्ये मानवी इन्सुलिन तयार झाले. १९८२ साली ते औषध म्हणून मान्य झाले. तोवर मधुमेहींना डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर अवलंबून राहावे लागे. या एका उदाहरणावरून तरी हा व्यवसाय निव्वळ जुगार आहे असे म्हणता येणार नाही. जुगारी पत्ता उलटण्याची वाट पाहतो. पर्किन्स यांनी पत्ता उलटण्यापूर्वीच डाव बदलला.

पण येथेच आपला मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. जोखीम कमी करणे हेच ज्याचे कौशल्य, त्याच्या नफ्याचे समर्थन जोखमीच्या आधारे किती करायचे? आजच्या करारांत गुंतवणूकदार बहुधा अग्रहक्काचे भाग घेतो. उद्योग कमी किमतीत विकावा लागला तर आधी त्याची मूळ रक्कम परत जाते. उरले तर संस्थापकाला आणि नोकरदारांना मिळते. शिवाय हा पैसा बहुतांशी त्याचा स्वतःचा नसतो. १९७९ साली अमेरिकन सरकारने नियम सैल केले, तेव्हापासून निवृत्तिवेतनाच्या निधींचा पैसा या व्यवसायात मोठ्या प्रमाणावर आला. विद्यापीठांचे निधीही आले. व्यवस्थापन करणारी मंडळी त्या निधीवर दरवर्षी साधारणपणे दोन टक्के शुल्क घेतात आणि नफा झाला तर त्यातील वीस टक्के. निधी बुडाला तरी शुल्क बुडत नाही.

१५८६ साली पोप सिक्स्टस पाचवे यांनी एका फर्मानाद्वारे, भागीदारीच्या नावाखाली मुद्दल सुरक्षित ठेवून नफा घेण्याच्या करारांचा निषेध केला होता. नाव भागीदारीचे, वृत्ती सावकारीची, हा त्यांचा आक्षेप. अग्रहक्काचे भाग त्याच जातीचे आहेत काय? माझ्या मते पूर्णपणे नाहीत. तिजोरी रिकामी असेल तर पहिला हक्कही रिकाम्या तिजोरीवरच राहतो आणि बुडालेल्या उद्योजकाच्या घरावर जप्ती आणण्याचा अधिकार या गुंतवणूकदाराला नसतो. तरीही हे खुल्या दिलाची भागीदारी नव्हे. कर्ज आणि भागीदारी यांच्यामध्ये कुठेतरी ही व्यवस्था उभी आहे आणि जोखमीचा अधिक भार तिने ज्याच्यापाशी आधीच कमी आहे त्याच्या खांद्यावर ठेवला आहे. म्हणून या कमाईचे समर्थन करायचेच असेल तर ते श्रमाच्या आधारे करावे लागेल : पर्किन्स यांच्यासारखे डोके चालवणे, दोरिओंसारखे पडत्या उद्योगाच्या उशाशी बसणे. दहांतील ज्या नवांकडून घबाड मिळण्याची आशा उरलेली नसते, त्यांच्या बैठकांनाही जो वेळेवर हजर राहतो, त्याने आपला वाटा कमावला असे मी म्हणेन.

या साऱ्याची कठीण कसोटी सिस्कोच्या प्रकरणात लागते. लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने संगणकांची निरनिराळी जाळी परस्परांशी जोडणारे यंत्र बनवले होते. अनेक गुंतवणूकदारांनी पाठ फिरवल्यावर १९८७ साली व्हॅलेंटाइन यांनी सुमारे तीस टक्के मालकीच्या बदल्यात पंचवीस लाख डॉलर दिले. भांडवल मी आणीन, व्यवस्थापक मी शोधीन, असा त्यांचा रिवाज होता आणि १९८८ मध्ये त्यांनी जॉन मॉर्ग्रिज यांना कंपनीचे प्रमुख म्हणून आणले. फेब्रुवारी १९९० मध्ये कंपनीचे भाग बाजारात आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लर्नर यांना कामावरून काढून टाकण्यात आले. त्यांच्यापाठोपाठ बोसॅकही बाहेर पडले.

कायद्याच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. सह्या दोघांच्याच होत्या. परंतु अक्वायनस यांनी ऋणकोविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे : तो व्याज देतो ते निखळ स्वेच्छेने देत नाही, गरजेच्या दडपणाखाली देतो. इतक्या दारांवरून परत आलेल्या माणसाची सही किती स्वेच्छेची, हे ठरवणे सोपे नाही. दुसरीकडे हेही खरे की, त्या कंपनीत तोवर कित्येक कुटुंबांचा चरितार्थ गुंतला होता आणि ज्याने उद्योग जन्माला घातला त्यालाच तो वाढवता येईल असा काही सृष्टिनियम नाही. ओल्सन यांनी आपली कंपनी पस्तीस वर्षे चालवली. पण घरगुती संगणकाचे वारे ओळखण्यात ते मागे पडले आणि १९९२ साली त्यांनाही जावे लागले. तेव्हा प्रमुख बदलला याला माझी हरकत नाही. ज्या तऱ्हेने मनुष्य केवळ हिशेबातील एक नोंद ठरतो, तिला आहे.

लर्नर आणि बोसॅक यांनी आपले भाग विकून टाकले. सुमारे सतरा कोटी डॉलर हाती आले. त्यांतील मोठा हिस्सा त्यांनी धर्मादाय कार्याला दिला. लर्नर यांनी पुढे इंग्लंडमधील चॉटन येथील एक जुना वाडा दुरुस्त करवला. कादंबरीकार जेन ऑस्टिन यांच्या भावाचा हा वाडा. तेथे २००३ साली जुन्या काळच्या इंग्रज लेखिकांच्या ग्रंथांचे संग्रहालय उघडले. सिस्को वाढतच राहिली आणि मार्च २००० मध्ये काही दिवस ती बाजारमूल्याने जगातील सर्वांत मोठी कंपनी होती.