सत्यकामाचा बायोडेटा

आजचं वाचन: छांदोग्य उपनिषद, अध्याय ४, खंड ४

गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. सत्यकामाला गुरूकडे शिकायला जायचंय. तो आईला, जबालेला, विचारतो की आपलं गोत्र कोणतं? ती सांगते, तरुणपणी लोकांची कामं करत फिरत होते, त्या काळात तू झालास. गोत्र मला माहीत नाही. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम, तर सत्यकाम जाबाल असं सांग. हारिद्रुमत गौतमांनी विचारल्यावर मुलगा हे सगळं जसंच्या तसं सांगतो. गौतम म्हणतात, समिधा घेऊन ये, तुझं उपनयन करतो.

गोत्र म्हणजे तेव्हाचा पात्रतेचा रकाना. आता तो रकाना लिंक्डइनवर असतो: कॉलेज, पद, किती वर्षांचा अनुभव.

माझा एक मावसभाऊ बीई होऊन आठ महिने घरी आहे. कॉलेज मराठवाड्यातलं, पुण्यात कुणी नाव ऐकलेलं नाही. एका कन्सल्टन्सीने त्याला सांगितलं, पैसे भर, तीन वर्षांचा अनुभव दाखवू. पत्र, पगाराच्या स्लिपा, सगळं मिळेल. परवा फोनवर म्हणाला, "दादा, सगळेच करतात. खरं लिहिलं की फोनच येत नाही." मी त्याला यूएएनचं सांगितलं, की पीएफच्या नोंदीत कुठे किती काळ काम केलं ते दिसतं, बॅकग्राउंड चेकमध्ये पकडला जाशील. तो म्हणाला, "ते पीएफपण भरतात म्हणे."

माझा व्यवहाराचा मुद्दा तिथेच संपला. पकडले जाऊ म्हणून खरं बोलायचं, तर न पकडलं जाण्याची सोय बाजारात मिळतेच.

मात्र अशी सरळ बनावट करणारे तुलनेने थोडे. आपल्यासारखे लोक वेगळं करतात. आयआयटीचा सहा महिन्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स केला की शिक्षणाच्या रकान्यात वर ठळक 'आयआयटी', आणि खरं इंजिनियरिंग कॉलेज खाली कुठेतरी. अक्षर एकही खोटं नाही. वाचणाऱ्याच्या डोक्यात जे उभं राहतं ते मात्र खोटं. आपल्याकडे याला नरो वा कुंजरो वा म्हणतात, आणि ते युधिष्ठिरालाही पचलं नाही.

सत्यकामालाही ही वाट मोकळी होती बरं का! नुसतं 'जाबाल' म्हणून थांबला असता तर ऐकणाऱ्याला ते गोत्राचंच नाव वाटलं असतं. तो थांबला नाही, आईची हकीकतही सांगितली. मला या खंडात सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते.

कंपनीने दिलेलं पद लिहायला माझी हरकत नाही. बँकांच्या आयटीत हाताखाली एकही माणूस नसलेले व्हाइस प्रेसिडेंट असतात, त्यात त्यांचा काय दोष? खाली आपण नेमकं काय करतो ते लिहावं, झालं. पण २०१२ मध्ये याहूचे सीईओ स्कॉट थॉम्पसन यांच्या अधिकृत परिचयात अकाउंटिंगच्या खऱ्या पदवीला कॉम्प्युटर सायन्सही जोडलेलं निघालं आणि काही दिवसांतच त्यांना पद सोडावं लागलं. त्याआधी पेपालचं अध्यक्षपद सांभाळलेल्या माणसाला ती जोड कशाला लागत होती, देव जाणे.

आता दुसरी बाजू. ही गोष्ट सांगताना आपण नेहमी मुलाचं कौतुक करतो, गुरूकडे बघत नाही. गौतमांनी 'गोत्र नाही? मग पुढे' असं केलं असतं तर? मुलगा तितकाच खरा राहिला असता आणि रिकाम्या हाताने घरी गेला असता. मावसभावाचं आज हेच होतंय. त्याचा बायोडेटा माणसापर्यंत पोचायच्या आधीच गाळला जातो, कारण गाळणीत कॉलेजांची यादी आहे आणि 'गॅप नको' असं लिहिलंय.

मी मुलाखतीच्या पॅनेलवर बसतो. म्हणजे लहानशी का होईना, गौतमांची जागा माझ्याकडे आहे. घरी भावाला सत्यकाम हो म्हणायचं आणि ऑफिसात ती गाळणी तशीच चालू ठेवायची, हे मला जमणार नाही. आमच्या टीमच्या फ्रेशरच्या जागांसाठी तरी ती अट काढा, असं एचआरला लेखी कळवलंय. उत्तर अजून नाही. गौतमांनीसुद्धा सत्यकामाला लगेच ब्रह्मज्ञान दिलं नाही. चारशे रोड गाई दिल्या आणि राखायला पाठवलं. पण काम दिलं.

भावाने प्रोफाइलवर आता लिहिलंय: आठ महिने नोकरी शोधतोय, या काळात हे दोन प्रोजेक्ट केले. कन्सल्टन्सीचा नंबर मात्र अजून फोनमध्ये ठेवलाय, तेही त्यानेच सांगितलं.

उद्या खंड ५, बैल सत्यकामाशी बोलतो तो.