क्लेटनचं इंजेक्शन आणि रॉलीचा हिशेब

अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिना राज्याच्या राजधानीपासून, म्हणजे रॉलीपासून, मोटारीने जेमतेम अर्ध्या तासावर क्लेटन नावाचं गाव आहे. डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्कचा तिथे मोठा कारखाना आहे. वेगोवी आणि ओझेम्पिक या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनांना मागणी इतकी, की जून 2024 मध्ये कंपनीने या कारखान्याच्या विस्तारासाठी 410 कोटी डॉलर जाहीर केले. हजार नव्या नोकऱ्या येणार म्हणून राज्यकर्ते खूश झाले. त्याआधी तीन महिनेही झाले नव्हते, 1 एप्रिलला, याच राज्याच्या सरकारी आरोग्य योजनेने वजन उतरवण्यासाठी ही औषधं देणं थांबवलं होतं.

शाळामास्तर, सरकारी कर्मचारी, विद्यापीठांतले प्राध्यापक, निवृत्त मंडळी आणि त्यांची कुटुंबं मिळून साडेसात लाखांच्या आसपास माणसं या योजनेत आहेत. विद्यापीठांत नोकरी करणारी रॉली-कॅरी भागातली मराठी कुटुंबंही त्यांत आली. 2023 मध्ये या एका औषधगटावर योजनेचे दहा कोटी डॉलर खर्च झाले, पुढच्या वर्षी सतरा कोटी होतील असा अंदाज होता. जानेवारी 2024 मध्ये विश्वस्त मंडळाने 4 विरुद्ध 3 मतांनी दार लावलं. मधुमेह्यांसाठी मात्र ते उघडं राहिलं. म्हणजे लठ्ठ माणसाने आधी मधुमेही व्हावं, मग योजना त्याची विचारपूस करणार.

या योजनेचा कारभार पाहणारे राज्याचे तेव्हाचे खजिनदार डेल फोलवेल यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. मंडळाने आधी मधला मार्ग काढलाच होता: नवे रुग्ण घ्यायचे नाहीत, ज्यांचं औषध चालू आहे त्यांचं चालू ठेवायचं. तेव्हा योजनेचा औषधव्यवहार पाहणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडून कळलं, की असं केलंत तर उत्पादकाकडून मिळणारी सूट जाईल. सूट होती पाच कोटी चाळीस लाख डॉलरची. थोडक्यात, औषध मुक्तहस्ते द्या किंवा अजिबात देऊ नका. विचार करून, गरज पाहून देण्याची सोय करारात नव्हती. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच. कुणाला औषध द्यायचं हे डॉक्टरने ठरवलं नाही, मंडळानेही धडपणे ठरवलं नाही. ते ठरलं सुटीच्या अटींवर.

वेगोवीची अमेरिकेतली छापील किंमत तेव्हा महिन्याला 1,349 डॉलर होती. सूट धरून योजनेला ते आठशेच्या घरात पडे. डेन्मार्कमध्ये तेच 186 डॉलरला मिळतं, असं सिनेटर बर्नी सँडर्स यांनी कंपनीच्या प्रमुखांना सिनेटच्या सुनावणीत ऐकवलं. येल विद्यापीठातल्या संशोधकांचा अंदाज तर असा, की ओझेम्पिक बनवण्याचा खर्च महिन्याला पाच डॉलरच्याही आत बसावा. संशोधन, चाचण्या, फसलेली औषधं यांचा खर्च त्यात नाही, हे खरं. तो जोडला तरी पाच आणि तेराशे यांच्यातली दरी बुजत नाही.

शिवाय हे औषध सोडलं की वजन परत येतं. चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परतला. रक्तदाबाची गोळी मध्येच बंद करा असं कुठलीही योजना सांगत नाही. लठ्ठपणाच्या बाबतीत तसं सांगता येतं, कारण ‘थोडं कमी खा की’ ही पुटपुट कागदावर नसली तरी निर्णय घेणाऱ्यांच्या मनात असते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने लठ्ठपणाला 2013 मध्येच आजार म्हटलं. पण वयस्करांसाठीच्या मेडिकेअर योजनेच्या 2003 च्या कायद्यात वजन उतरवण्याची औषधं केसवाढीच्या औषधांच्या पंगतीला बसवलेली होती.

विम्याने दार लावलं की माणसं मोबाइलकडे वळतात. टेलिहेल्थवर एक प्रश्नावली भरायची, कुठे पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि दोन-तीनशे डॉलरमध्ये घरपोच कुपी. मूळ औषधाचा तुटवडा होता तोवर औषध मिश्रण करून देणाऱ्या फार्मसींना त्याची नक्कल बनवण्याची सवलत होती. फेब्रुवारी 2025 मध्ये अन्न व औषध प्रशासनाने सेमाग्लुटाइडचा तुटवडा संपल्याचं जाहीर केलं आणि ती वाट अरुंद झाली. विमा कंपनी तुमच्याकडे आजारी असल्याचा पुरावा मागते, ॲप फक्त कार्डाचा नंबर मागतं. रक्त तपासायची, स्वादुपिंडाची चौकशी करायची फुरसत दोघांनाही नाही.

मराठी माणसाची अडचण आणखी वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. दिसायला सडपातळ, आतून चरबीवान अशी आपली ठेवण. म्हणून भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा 25 वर आखतात. अमेरिकन फॉर्मवर ती 30 आहे, जोडीला दुसरा आजार असेल तर 27. साखर सीमेवर पोचलेला, पोट सुटलेला, 26 निर्देशांकाचा कॅरीतला जोशी या फॉर्मच्या लेखी ठणठणीत आहे.

तिकडच्या वाचकांना एवढंच सांगतो: नकाराचं पत्र आलं की फेकू नका, कारण वाचा. ‘पूर्वपरवानगी नाकारली’ असं असेल तर साधारणपणे 180 दिवसांत अपील करता येतं, आणि तिथे डॉक्टरांच्या सविस्तर पत्राला वजन असतं. ‘हे औषध योजनेत समाविष्ट नाही’ असं असेल, तर डॉक्टरांचं पत्र सहसा चालत नाही. मोठ्या कंपन्यांत योजनेत काय बसवायचं हे बहुतेक वेळा मालकच ठरवतो, विमा कंपनी नुसता कारभार पाहते. तेव्हा भांडायचं ते मालकाशी, आणि सहकाऱ्यांना बरोबर घेऊन.