संग्रह आणि अपरिग्रह

पतंजलींनी यमांमध्ये गणलेल्या अपरिग्रहाशी जुन्या मासिकांच्या संग्राहकाचा मेळ कसा बसावा, हा प्रश्न मला दीर्घकाळ छळीत आला आहे; कारण दीनानाथ दलालांनी १९४५ साली सुरू केलेल्या ‘दीपावली’चा एखादा अंक रद्दीच्या ढिगाऱ्यातून हाती येतो, बांधणीच्या तारेचा गंज पानांत उतरलेला असतो, कडा कसरीने कुरतडलेल्या असतात, आणि तरीही मुखपृष्ठावरील रंग असे ताजे दिसतात की, ती वस्तू आपली व्हावी अशी वासना मनात उठल्यावाचून राहत नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, असे सांगितले आहे, आणि हा निवाडा मला सर्वस्वी ग्राह्य वाटतो. जो अंक कुलुपात कोंडून त्याच्या दुर्मीळतेचाच तोरा मिरवितो, तो परिग्रही खराच. परंतु जो स्वतःस मालक न समजता केवळ वहिवाटदार समजतो, गंजकी तार हलक्या हाताने काढून तेथे सुती दोरा ओवतो आणि दारी आलेल्या अभ्यासकापुढे तो अंक निःशंकपणे उघडून ठेवतो, त्याच्या कपाटात आहे ती ठेव होय, व तिचे हक्कदार अद्याप जन्मावयाचे आहेत. मात्र एक अंक न मिळाल्याने संच अपुरा राहिला, म्हणून त्यालाही जी रुखरुख लागते, ती मूर्च्छाच, याविषयी मला संदेह नाही.